ड्रायव्हर कोडमधली 'अनयूज्ड व्हेरिएबल' वॉर्निंग: व्हेरिएबल उडवायच्या आधी काय बघायचं

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, बिल्डला टाकला आणि स्क्रीनवर 'व्हेरिएबल स्टेटस सेट बट नॉट यूज्ड' अशी ओळ आली की बहुतेक जण काय करतात, फाईल उघडतात, ते व्हेरिएबल डिलीट करतात, परत बिल्ड मारतात, वॉर्निंग गेली की पॅच पाठवून मोकळे. साध्या ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये हे बऱ्याचदा खपून जातं. ड्रायव्हरमध्ये नाही खपत, कारण तिथे बरोबरच्या चिन्हाच्या उजव्या बाजूला नुसतं गणित नसतं, तिथे बऱ्याचदा हार्डवेअरशी बोलणं चालू असतं. डाव्या बाजूचं व्हेरिएबल कोणी वापरत नसेल, पण उजव्या बाजूचं काम डिव्हाईसला हवं असू शकतं. म्हणून पहिला प्रश्न 'ही वॉर्निंग कशी घालवू' हा नाहीच, पहिला प्रश्न आहे 'ही किंमत इथे कोणाला हवी होती आणि ती का वापरली गेली नाही'. याचं उत्तर मिळालं की दुरुस्ती बहुतेक वेळा एक-दोन ओळींचीच असते.

हे मी ठासून सांगतोय कारण माझ्या हातून हे झालेलं आहे. एका बोर्डाच्या ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट हँडलर (डिव्हाईसने 'लक्ष दे' असा इंटरप्ट दिला की चालणारं फंक्शन) होता आणि तो साधारण असा होता:

यू३२ स्टेटस;
स्टेटस = रीडएल(बेस + इंट_स्टेटस);
काम_सुरू_कर(डेव्ह);
रिटर्न आयआरक्यू_हँडल्ड;

रीडएलने डिव्हाईसचं रजिस्टर वाचून भरलेलं स्टेटस पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं, कंपायलर बरोबर बोलत होता. मी वरच्या दोन्ही ओळी काढल्या. बिल्ड स्वच्छ झाली, बोर्ड बूट पण झाला, आणि पहिला इंटरप्ट आल्या आल्या मशीन गोगलगायीसारखं चालायला लागलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) लॉगमध्ये, काही नाही, एरर नाही, क्रॅश नाही. शेवटी प्रॉक-इंटरप्ट्स ही प्रत्येक लाईनवरचे इंटरप्ट मोजणारी फाईल दोनदा लागोपाठ बघितली तेव्हा कळलं, आमच्या लाईनचा आकडा सेकंदासेकंदाला हजारोंनी पळत होता. कारण ते स्टेटस रजिस्टर वाचलं की साफ होणारं होतं, म्हणजे ते वाचणं हीच डिव्हाईसला दिलेली पोच होती, आणि मी तीच काढून टाकली. लाईन लेव्हल-ट्रिगर्ड, म्हणजे सिग्नल उभा असेपर्यंत इंटरप्ट देत राहणारी, असल्याने डिव्हाईस ती खाली सोडेचना आणि प्रोसेसर हँडलरच्या बाहेर येतोय न येतोय तोच परत आत.

यातली अजून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिनक्समध्ये असल्या वेड्या झालेल्या इंटरप्टसाठी एक राखणदार आहे, एका लाईनवर १,००,००० इंटरप्ट मोजून त्यातले ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच हाताळले नाहीत असं दिसलं तर कर्नल 'नोबडी केअर्ड' असा मेसेज छापतं आणि ती लाईन बंद करून टाकतं. आमच्याकडे तो मेसेज आलाच नाही, कारण हँडलर दर वेळेला डोळे मिटून 'हँडल्ड' म्हणत होता. म्हणजे मूळ कोडमध्येच चूक होती. स्टेटस वाचून ते तपासायला हवं होतं, आपल्या डिव्हाईसचा एकही बिट लागलेला नसेल तर आयआरक्यू_नन ('हा माझा इंटरप्ट नाही') परत करायला हवं होतं, आणि लाईन दुसऱ्या डिव्हाईसबरोबर शेअर्ड असेल तर हे सक्तीचंच आहे. म्हणजे खरी दुरुस्ती ओळी काढणं नव्हती, एक ओळ घालणं होती:

इफ (!स्टेटस) रिटर्न आयआरक्यू_नन;

कंपायलर नेमकं याच जागेवर बोट ठेवत होता, मी ते वाचलंच नाही.

आता कामाला लागू. वॉर्निंग आली की आधी ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात कुठला फ्लॅग लिहिलाय ते वाचा, कारण 'अनयूज्ड' नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा असतो. नुसतं 'अनयूज्ड-व्हेरिएबल' म्हणजे व्हेरिएबल जाहीर केलं आणि नंतर त्याला कोणी हातच लावला नाही, हे बहुतेक वेळा जुन्या कोडचा उरलेला कचरा असतं नाहीतर #इफडेफचा (कॉन्फिग, म्हणजे बिल्डमधल्या सोयींची चालू-बंद यादी, बघून कोड ठेवणाऱ्या किंवा गाळणाऱ्या ओळींचा) परिणाम. 'अनयूज्ड-बट-सेट-व्हेरिएबल' म्हणजे त्यात किंमत भरली पण वाचली नाही, ड्रायव्हरमध्ये सगळ्यात जपून बघायची ती हीच. 'अनयूज्ड-कॉन्स्ट-व्हेरिएबल' बहुतेक आयडी टेबलांवर (ड्रायव्हर कुठली डिव्हाईस चालवतो त्या याद्यांवर) येते. 'अनयूज्ड-फंक्शन' ही सस्पेंड-रिझ्यूमवाल्या (डिव्हाईस झोपवणाऱ्या-उठवणाऱ्या) फंक्शनांवर येते. आणि 'अनयूज्ड-पॅरामीटर' ही लिनक्सच्या बिल्डमध्ये मुद्दाम बंदच ठेवलेली असते, त्याच्यावर खाली बोलू.

यातली बट-सेटवाली वॉर्निंग जीसीसी या कंपायलरमध्ये ४.६ व्हर्जनपासून, म्हणजे २०११ पासून आहे आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये ती १३ व्हर्जनला, २०२१ मध्ये आली. त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त क्लँगवर बिल्ड होणाऱ्या कोडमध्ये अचानक ढिगाने वॉर्निंग दिसायला लागल्या तर कोड बिघडला असं समजू नका, कंपायलरची नजर सुधारली एवढंच. दोघांची नजर सारखी पण नाहीये, नुसतं काउंट++ करत राहिलेलं आणि कुठेच न वाचलेलं व्हेरिएबल क्लँग १५ पासून पकडतो, जीसीसी तिथे बऱ्याचदा गप्प बसतो. म्हणून दोन्हीवर बिल्ड करून बघा, लिनक्समध्ये क्लँगने बिल्ड करायला मेक या बिल्डच्या कमांडला एलएलव्हीएम=१ दिलं की झालं.

लिनक्सच्या नेहमीच्या बिल्डमध्ये बट-सेट वॉर्निंग दिसत नाही, ती बघायला मेकला डब्ल्यू=१ द्यावं लागतं. अख्खं कर्नल डब्ल्यू=१ ने बिल्ड करत बसू नका, दुसऱ्यांच्या वॉर्निंगच्या पुरात आपली सापडणार नाही. आपल्या ड्रायव्हरची एकच .ओ फाईल टार्गेट म्हणून द्या, म्हणजे 'मेक डब्ल्यू=१' आणि पुढे फाईलचा पाथ, काही सेकंदांत उत्तर मिळतं. फाईल आधी बिल्ड झालेली असेल तर टच करून घ्या. आणि अजून एक, ५.१५ व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून कर्नलमध्ये कॉन्फिग_वेरर हा पर्याय आहे, तो चालू असेल तर वॉर्निंग म्हणजे थेट बिल्ड फेल. ऑलमॉडकॉन्फिगसारख्या टेस्ट बिल्डमध्ये तो आपोआप चालू असतो, त्यामुळे 'आमच्याकडे तर नुसती वॉर्निंग होती' हे मेंटेनरला (तो कोड सांभाळणाऱ्याला) सांगून उपयोग नाही, त्याच्याकडे बिल्ड मोडलेली असते.

वॉर्निंग तुमच्याकडे दिसतच नाही पण टेस्ट रोबोटकडून मेल आली, असं झालं तर समजायचं की कॉन्फिगमध्ये फरक आहे. इंटेलचा कर्नल टेस्ट रोबोट वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर आणि रँडम कॉन्फिगवर बिल्ड करत असतो आणि मेलमध्ये कॉन्फिग फाईल आणि तीच बिल्ड परत करायच्या स्टेप्स पण देतो, त्या तशाच्या तशा चालवा. अंदाजाने दुरुस्ती करून 'बघा आता जाते का' असं पाठवू नका, एकदा डोळ्याने वॉर्निंग बघा, मग दुरुस्त करा, मग तीच कॉन्फिग वापरून गेली का बघा. स्वतःहून तपासायचं असेल तर पॉवर मॅनेजमेंट बंद, डिव्हाईस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) बंद, डीबग बंद, आणि वेगळ्या लोड होणाऱ्या मॉड्यूलऐवजी कर्नलमध्येच बिल्ट-इन, एवढ्या चार बिल्ड केल्या तरी ड्रायव्हरच्या बहुतेक वॉर्निंग घरच्या घरी सापडतात.

वॉर्निंग समोर आली, आता तिची कुळकथा काढायची. गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, आली ते दाखवणारी कमांड) मारा, आणि व्हेरिएबलच्या नावाने 'गिट लॉग -एस' चालवा, म्हणजे ते नाव कुठल्या कमिटमध्ये आलं आणि त्याचा शेवटचा वापर कुठल्या कमिटमध्ये गेला हे दिसतं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्ध्याहून जास्त निर्णय इथेच होतो. शेवटचा वापर जर कोणी नीट विचार करून काढला असेल, कमिट मेसेजमध्ये तसं लिहिलं असेल, तर व्हेरिएबल हा उरलेला कचरा आहे, बिनधास्त काढा. शेवटचा वापर जर एखाद्या मोठ्या रिफॅक्टरिंगमध्ये किंवा मर्जमध्ये गळून पडला असेल तर तो चुकून गेला असण्याची शक्यता जास्त, तिथे वापर परत आणायचा असतो, व्हेरिएबल काढायचं नसतं. आणि पहिल्या दिवसापासून वापरच नसेल तर मग उजवी बाजू वाचा.

उजव्या बाजूला रजिस्टर वाचणं असेल, म्हणजे रीडएल, आयओरीड३२, इनबी असलं काही, तर डेटाशीट उघडल्याशिवाय तिथे हात लावू नका. वाचल्यावर साफ होणारी रजिस्टरं असतात, वाचल्यावर फिफोमधला (डेटाच्या रांगेतला) एक शब्द बाहेर काढणारी असतात, आणि काही वेळा वाचण्याचा हेतू किंमत मिळवणं नसतोच, आधी लिहिलेलं डिव्हाईसपर्यंत पोचलं याची खात्री करणं असतो. पीसीआयवर मेमरीत मॅप केलेल्या रजिस्टरला लिहिलं की ते लिहिणं वाटेतल्या ब्रिजमध्ये थांबून राहू शकतं, त्याच डिव्हाईसचं काहीतरी वाचलं की ते आधी पुढे ढकललं जातं, मगच वाचण्याचं उत्तर येतं. रीसेट बिट लिहिला, परत वाचला, मग १० मायक्रोसेकंद थांबलो, असा कोड दिसला तर मधलं वाचणं फालतू नाहीये. ते काढलंत तर थांबण्याची वेळ चुकीच्या क्षणापासून मोजली जाईल आणि डिव्हाईस कधीतरीच रीसेट व्हायचं विसरेल, असा बग शोधणं म्हणजे काय हाल असतात ते ज्याने शोधलाय त्यालाच माहीत.

अशा जागी करायचं काय, तर व्हेरिएबल काढा, वाचणं ठेवा, आणि का ठेवलंय ते शेजारी लिहा:

/* वाचल्यावरच इंटरप्ट साफ होतो, किंमत नको आहे */
रीडएल(बेस + इंट_स्टेटस);

रीडएलची किंमत कुठे भरली नाही म्हणून कंपायलर ते वाचणं उडवून टाकेल अशी भीती काही जणांना वाटते आणि म्हणून ते डमी नावाचं व्हेरिएबल जिवंत ठेवतात, त्याची गरज नाही. हे ॲक्सेसर व्होलाटाईल पद्धतीने लिहिलेले असतात, कंपायलरला ते वाचणं करावंच लागतं. पण ती कॉमेंट मात्र आळस न करता लिहा, कारण सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी साफसफाईला येईल आणि त्याला ती एकटी पडलेली ओळ निरर्थक वाटेल.

दुसरा मोठा गट म्हणजे रेट, फंक्शनने परत केलेली किंमत (काम झालं तर शून्य, नाहीतर एरर) ठेवायचं व्हेरिएबल. रेट = अमुकतमुक() असं लिहिलंय आणि रेट पुढे कोणी बघितलाच नाही. ड्रायव्हरमधल्या बट-सेट वॉर्निंगमध्ये मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या याच, कारण जवळजवळ प्रत्येक वेळेला इथे गिळलेली एरर असते. क्लॉक चालू झालं नाही, रेग्युलेटर मिळाला नाही, आय२सीवर पलीकडून उत्तर आलं नाही, आणि प्रोब (डिव्हाईस सापडल्यावर ते सुरू करणारं फंक्शन) आपला खुशाल पुढे गेला, शून्य परत केलं, आणि मग युजरकडे 'डिव्हाईस दिसतं पण चालत नाही'. इथे रेट काढून टाकणं म्हणजे घराचा स्मोक अलार्म वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढण्यासारखं आहे. तपासणी घाला.

पण तपासणी घालताना पण घाई नको. नुसतं 'इफ (रेट) रिटर्न रेट;' चिकटवलं की काम झालं असं नसतं. त्या ओळीच्या आधी काय काय घेतलंय, क्लॉक, मेमरी, लॉक, ते सोडावं लागेल, नाहीतर एक चूक मिटवून दुसरी लिहून ठेवाल. लेबलवाली एरर वाट आधीच असेल तर तिकडे गोटू करा, डेव्हएम प्रकारची, घेतलेलं आपोआप सोडणारी फंक्शन्स वापरली असतील तर काम सोपं आहे. आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये अजून एक धोका असतो तो म्हणजे ते फंक्शन काही बोर्डांवर आजपर्यंत कायम फेल होत आलेलं असू शकतं आणि कोणी बघत नसल्यामुळेच सगळं चालत होतं. तुम्ही शिस्त म्हणून एरर परत करायला लागलात की त्या बोर्डांवर चालणारं डिव्हाईस बंद पडणार. हातात हार्डवेअर नसेल तर माझं मत असं आहे की आधी डेव्ह_वॉर्न घालून किंमत छापा आणि पुढे जाऊ द्या, मेंटेनरला स्पष्ट लिहा की मी हे हार्डवेअरवर तपासलेलं नाही, कडक करायचं का ते तुम्ही ठरवा. रिमूव्ह आणि शटडाऊनच्या वाटेवर तर तसंही एरर परत करून काही होत नाही, डिव्हाईस जाणारच आहे, तिथे छापून पुढे चालत राहणं हेच योग्य.

आता कॉन्फिगमुळे होणाऱ्या वॉर्निंग, यांचा त्रास जास्त आणि धोका कमी. नमुना ठरलेला असतो, व्हेरिएबल वर जाहीर केलंय आणि त्याचा वापर #इफडेफच्या आत आहे, कॉन्फिग बंद झाली की वापर गायब. पहिली ऊर्मी येते ती जाहीर करण्याच्या ओळीभोवती पण #इफडेफ गुंडाळायची. नका करू. असं करत गेलं की फंक्शनची पार चाळणी होते आणि कुठल्या कॉन्फिगमध्ये काय उरतं ते कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा #इफडेफच काढा आणि सी भाषेतला साधा इफ वापरा, आत इज_एनेबल्ड(कॉन्फिग_अमुक) लिहा. कंपायलरला दोन्ही वाटा दिसतात, टाईप तपासले जातात, व्हेरिएबल वापरलेलं धरलं जातं आणि कॉन्फिग बंद असेल तर तो कोड ऑप्टिमायझर उडवून टाकतो, फाईलचा आकार वाढत नाही. एकच अट, आत ज्या स्ट्रक्चर मेंबरला हात लावताय तो मेंबर स्वतः #इफडेफमध्ये नसला पाहिजे, तसा असेल तर ही युक्ती चालत नाही कारण कंपाईलच होणार नाही.

सस्पेंड-रिझ्यूमच्या फंक्शनांवरची वॉर्निंग तर इतकी कॉमन होती की त्यासाठी कर्नलमध्येच सोय झाली. जुन्या सेट_सिस्टम_स्लीप_पीएम_ऑप्स पद्धतीत पॉवर मॅनेजमेंट बंद केलं की ती दोन्ही फंक्शन्स अनाथ व्हायची आणि त्यांच्यावर __मेबी_अनयूज्ड ('कदाचित न वापरलेलं' असं कंपायलरला सांगणारं ॲट्रिब्यूट) चिकटवावं लागायचं. ५.१७ पासून डिफाईन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स आणि पीएम_स्लीप_पीटीआर ही जोडी वापरता येते, तिच्यात कंपायलरला फंक्शनांचा संदर्भ दिसत राहतो, त्यामुळे वॉर्निंग नाही, आणि कॉन्फिग बंद असेल तर फंक्शन्स आपोआप गळतात. जुना ड्रायव्हर हातात आला तर हा बदल करून टाका, #इफडेफ आणि ॲट्रिब्यूट दोन्ही एका फटक्यात जातात.

आयडी टेबलांचं पण तसंच. टेबल ऑफ_मॅच_पीटीआरमध्ये गुंडाळून दिलेलं असतं, डिव्हाईस ट्री बंद केली की तो मॅक्रो नल होतो, आणि मॉड्यूल_डिव्हाईस_टेबल पण बिल्ट-इन बिल्डमध्ये काहीच ठेवत नाही, मग टेबल कोणाचंच नाही. यावर टेबलाला __मेबी_अनयूज्ड लावता येतं पण बहुतेक ड्रायव्हरमध्ये सरळ उपाय आहे, ऑफ_मॅच_पीटीआर काढून टाका आणि टेबलाचं नाव थेट द्या. थोडे बाइट जास्त जातील, पण एक फायदा असा की डिव्हाईस ट्रीऐवजी एसीपीआय वापरणाऱ्या मशीनवर पीआरपी०००१ या आयडीतून तेच टेबल वापरता येतं, जे गुंडाळलेलं असताना शक्य नव्हतं.

डीबगची वॉर्निंग आली तर दोष व्हेरिएबलचा नसतो, मॅक्रोचा असतो. घरगुती डीबग मॅक्रो डीबग बंद असताना एकदम रिकामा होतो आणि त्याला दिलेली सगळी व्हेरिएबलं उघडी पडतात. डेव्ह_डीबीजी असं वागत नाही, ते बंद असलं तरी आत इफ (०) ठेवून प्रिंट तसंच लिहिलेलं असतं, म्हणून फॉरमॅट पण तपासला जातो आणि व्हेरिएबल पण वापरलेलं राहतं. आपला मॅक्रो काढून तेच वापरा. हेच तत्त्व हेडरमधल्या स्टबना लागू आहे, एखादी सोय बंद असताना तिच्या फंक्शनच्या जागी रिकामा मॅक्रो ठेवू नका, रिकामं स्टॅटिक इनलाईन फंक्शन ठेवा, ते आपले आर्ग्युमेंट घेतं आणि टाईपची चूक पण पकडतं. आणि हेडरमध्ये स्टॅटिक कॉन्स्ट टेबल ठेवलेलं असेल तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाईलमध्ये वॉर्निंग येते, ते टेबल एका .सी फाईलमध्ये हलवा.

मग __मेबी_अनयूज्ड वापरायचं कधी? कर्नलच्या कोडिंग स्टाईलमध्ये हे सरळ लिहिलंय, एखाद्या कॉन्फिगमध्ये न वापरलं जाण्याची शक्यता असलेल्या फंक्शनला किंवा व्हेरिएबलला #इफडेफमध्ये गुंडाळण्यापेक्षा __मेबी_अनयूज्ड लावा, पण कायमच न वापरलेलं असेल तर काढून टाका. म्हणजे हे ॲट्रिब्यूट 'कधी लागतं, कधी नाही' असं सांगायला आहे, 'मला बघायचा कंटाळा आलाय' असं सांगायला नाही. लावताना मनाला एक प्रश्न विचारा, कुठली कॉन्फिग चालू केली की हे वापरलं जातं? नाव सांगता आलं नाही तर ते ॲट्रिब्यूट इथे चुकीचं आहे.

पॅरामीटरचं वेगळं आहे. ड्रायव्हर म्हणजे कॉलबॅकांचा ढीग, आणि कॉलबॅकची सही आपण ठरवत नाही. इंटरप्ट हँडलरला नंबर मिळतो तो बहुतेक हँडलर वापरतच नाहीत, त्यात चूक काही नाही. म्हणून लिनक्स ती वॉर्निंग बंद ठेवतं, तिच्यासाठी काहीच करू नका. विंडोजवर मात्र हा विषय रोजचा आहे, तिथे न वापरलेल्या पॅरामीटरला सी४१०० येते, न वापरलेल्या लोकल व्हेरिएबलला सी४१०१, आणि किंमत भरून सोडून दिलेल्याला सी४१८९. पॅरामीटरसाठी फंक्शनच्या सुरुवातीला अनरेफरन्स्ड_पॅरामीटर हा मॅक्रो लिहायची तिथली रीत आहे, तो लिहा, पण नंतर ते पॅरामीटर वापरायला लागलात तर मॅक्रो काढायला विसरू नका, नाहीतर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. सी४१८९ ला मात्र हा मॅक्रो लावून गप्प करू नका, ती बट-सेटची बहीण आहे, तिला वर सांगितलेली सगळी चौकशी लागते. तिचं एक निरुपद्रवी कारण म्हणजे असर्ट (एखादी अट खरी आहे का बघणारी तपासणी), डीबग बिल्डमध्ये व्हेरिएबल असर्टमध्ये वापरलं जातं आणि रिलीज बिल्डमध्ये असर्ट नाहीसा होतो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्ये याच परिस्थितीसाठी __डायगयूज्ड असं वेगळं नावच आहे, आणि मला ते फार आवडतं, कारण वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे फक्त तपासणीसाठी ठेवलंय.

काय करू नये ते पण सांगतो. मेकफाईलमध्ये अख्ख्या ड्रायव्हरसाठी वॉर्निंग बंद करू नका, आज एक लपेल आणि उद्याच्या दहा खऱ्या पण लपतील. व्हेरिएबलच्या पुढे व्हॉइड कास्ट टाकून किंवा स्वतःलाच स्वतःची किंमत देऊन गप्प करू नका. ज्या फंक्शनवर __मस्ट_चेक ('परत आलेली किंमत तपासाच') लावलंय त्याच्यापुढे व्हॉइड लिहून तर जीसीसी ऐकतही नाही, वॉर्निंग तशीच येते. गप्प करण्याच्या सवयीचं काय होतं याचं उदाहरण कर्नलमध्येच आहे, अनइनिशियलाइज्ड_व्हार नावाचा एक मॅक्रो होता, किंमत न भरता वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग दाबायला, त्याच्याखाली खरे बग झाकले जायला लागले आणि शेवटी २०२० मध्ये ५.९ व्हर्जनला तो झाडून सगळीकडून काढला.

आणि वॉर्निंग नाही म्हणजे सगळं आलबेल असंही धरून चालू नका. रेट एकदा भरला, न तपासता परत दुसऱ्या कॉलने भरला आणि शेवटी एकदाच तपासला, तर कंपायलरच्या दृष्टीने रेट वापरलेला आहे, पहिली एरर मात्र गेली. तसंच रेगमॅप_रीड या रजिस्टर वाचणाऱ्या फंक्शनला व्हेरिएबलचा पत्ता दिलेला असतो, आणि पत्ता बाहेर गेला की कंपायलर ते वापरलेलं धरतो, मग तुम्ही ती किंमत बघा नाहीतर नका बघू. त्यामुळे एका ड्रायव्हरमध्ये एक गिळलेला रेट सापडला की त्याच फाईलमधले बाकीचे रेट पण डोळ्याने चाळा, लिहिणारा हात एकच असतो.

पॅच करताना एका प्रकारची दुरुस्ती एका पॅचमध्ये ठेवा. मेलेलं व्हेरिएबल काढणं आणि रेट तपासणं हे एकत्र करू नका, कारण पहिल्याने वागणूक बदलत नाही आणि दुसऱ्याने बदलते, पुढे कोणी बायसेक्ट करत, म्हणजे बग कुठल्या कमिटने आला ते शोधत, आलं तर त्याला ते वेगळं सापडायला हवं. कमिट मेसेजमध्ये वॉर्निंगची ओळ जशीच्या तशी टाका, कुठल्या कॉन्फिगमध्ये आणि कुठल्या कंपायलरवर आली ते लिहा, आणि त्याच्याखाली तुम्ही काढलेली कुळकथा लिहा, 'शेवटचा वापर अमुक कमिटमध्ये गेला, तो मुद्दाम काढलेला होता'. नुसतं 'वॉर्निंग फिक्स केली' वाचून मेंटेनरला तीच चौकशी परत करावी लागते आणि तो वैतागणारच. खरा बग सापडला असेल तरच फिक्सेसचा टॅग लावा, नुसत्या साफसफाईला लावू नका, त्या टॅगमुळे पॅच जुन्या स्टेबल व्हर्जनमध्ये ओढला जाऊ शकतो.

शेवटची तपासणी मी आता कधीच चुकवत नाही. फक्त मेलेलं व्हेरिएबल काढलंय असा तुमचा दावा असेल तर तयार होणारा मशीन कोड बदलायला नको. बदल करायच्या आधीच्या .ओ फाईलची एक कॉपी ठेवा, नंतरची बिल्ड करा, दोन्हीवर मशीन कोड वाचता येईल असा छापणारी 'ऑब्जडंप -डी' कमांड चालवून आउटपुटचा डिफ काढा. ओळी सरकल्यामुळे लाइन नंबरचा एखाद-दुसरा आकडा बदललेला दिसू शकतो, तेवढं चालतं. पण एखादा लोड किंवा एखादा कॉल कमी झालेला दिसला तर तुम्ही व्हेरिएबलबरोबर काम पण काढलंय. माझ्या त्या इंटरप्ट हँडलरच्या वेळेला हा डिफ काढला असता तर स्टेटस रजिस्टरचा तो एक गायब झालेला लोड दोन मिनिटांत दिसला असता, बोर्डाला हात लावायच्या आधीच.